जवळ्याखालची माती

“काय गो अक्षता, तुझा तो जंत कधी सोडतेस?” कमलाबाईंनी कुरतडलेले बोंबील तिच्या नाकासमोर धरले. “सगळ्या बायकांना सांगून ठेवलंय, आता उंदरांचा बाजार उठणार!”

अक्षता हसली. डिलाईल रोडच्या चाळीतून थेट परळच्या प्रयोगशाळेत पोचलेली ही पोरगी उगाच बढाया मारणारी नव्हे. जहाजांतून उतरून मुंबईच्या मानगुटीवर बसलेल्या तपकिरी उंदरांच्या यकृतात तिला केसासारखा एक जंत सापडला होता. तो अंगात असला की उंदरांना पिल्लं कमी होत. पिंजऱ्यांत हे सिद्ध झालं होतं. आता तो उंदरांत मुद्दाम पसरवायची चाचणी इथे, मच्छीमार नगरात. माणसांना धोका नाही, एवढं तिने सोमवारी लिहून दिलं की परवानगी हातात आणि नोकरी कायम.

जागा शेवटची पाहून घ्यायला ती आली होती. अंगणात मातीवरच जवळा, बारीक कोलंबी, वाळत घातला होता. कमलाबाईंची नात जुई त्यात फतकल मारून, मातीसकट मूठमूठ तोंडात कोंबत होती.

अक्षताचं हसू विरलं. उंदीर मेला की जंताची अंडी मातीत उतरतात आणि तिथेच पिकतात. ती पोरांच्या पोटात गेली, तर त्यांचंही यकृत पोखरतात. क्वचितच होतं असं, खरं आहे. पण इथे तर रोजची पंगत! दुसरी वस्ती शोधावी? पोरं कुठे नाहीत?

“मावशी, नाही सोडणार मी. पोरांना बाधेल.”

“आता सांगतेस?” कमलाबाई भडकल्या. “दोन वर्षं माझे उंदीर नेलेस! मी लोकांना काय तोंड दाखवू?” आणि त्यांनी हाळीच घातली, “या गो सगळ्या! ही काय सांगते ऐका!”

बायका जमल्या. जंत, माती, सोमवार, नोकरी, अक्षताने सगळं सांगितलं.

“म्हंजे उंदीर राहणार?” एकीने विचारलं.

“राहणार.”

“आणि तो जंत आमच्या उंदरांत आत्ताही हाय ना?” कमलाबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं.

“थोड्यांत आहे, मावशी.”

कमलाबाईंनी जुईची मूठ उघडून झटकली आणि बायकांवरच डाफरल्या, “हिने मनात आणलं असतं तर खोटं लिहून मोकळी झाली असती! बघत काय बसल्यात? ताडपत्री आणा, जवळा उचला!”

दोन वर्षं पाण्यात गेली होती. अक्षताला रडू फुटलं. खांद्याने डोळे पुसत ती बायकांच्या ओळीत उकिडवी बसली आणि जवळा ताडपत्रीवर भरू लागली.