बाहेरगावी जाण्याची तयारी

साहेबांच्या टेबलाचा खालचा कप्पा अडकला होता. तपासनीस बाईंनी टेबलाला पाय लावून तो ओढला, तशी एक पिवळी फाइल थेट मांडीत येऊन पडली. साहेब शुक्रवारी निवृत्त होणार होते, आणि त्यांचं टेबल आवरायचं काम चौदा वर्षं पाण्याचे मीटर तपासणाऱ्या बाईंकडे आपसूक आलं होतं.

फाइलीत गेल्या अकरा वर्षांची बढतीची शिफारसपत्रकं होती. 'बाहेरगावी जाण्याची तयारी' या रकान्यात बाईंच्या नावापुढे साहेबांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं : 'नाही. लहान मूल.' पुढच्या वर्षी तेच. अकराही वर्षं तेच. एवढ्या वर्षांत लहान मूल दहावी झालं, दाढी करू लागलं आणि परगावच्या वसतिगृहात राहायलाही गेलं. कागदावर मात्र त्याची वाढ खुंटली होती.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला जुळी झाली, त्या वर्षी त्याच्यापुढे 'आहे, लगेच' असं होतं. तो आता दोन शाखा सांभाळत होता.

"साहेब, मला न विचारताच?"

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, विचारून तुम्हाला कशाला पेचात टाकायचं? काळजीच घेतली मी तुमची."

ते खरं होतं, हीच पंचाईत होती. रागवायला समोरचा माणूस थोडा तरी वाईट लागतो.

"या वर्षी 'आहे' लिहू?"

"लिहा की. जागा एकच आहे पण. पाचला पाठवतोय सगळी पत्रकं. आणि घरी विचारा हं आधी."

बाईंनी घरी विचारलं नाही. उभ्याउभ्याच 'आहे' लिहिलं आणि पत्रक गठ्ठ्यात सरकवताना त्यांना खालचं दिसलं. विभागातल्या धाकट्या तपासनीस मुलीचं. बाळंतपणाची रजा संपवून दोन महिन्यांपूर्वीच ती कामावर आली होती. साहेबांना वेळ नव्हता म्हणून सकाळी स्वतःचं सोडून विभागाची पत्रकं बाईंनीच भरली होती.

'नाही. लहान मूल.'

लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नव्हता.

पावणेपाच झाले होते. बाई बसल्या, उठल्या. पेनाचं टोपण काढलं, लावलं. जागा एकच होती. दोनदा दारापर्यंत जाऊन त्या परत आल्या. तिसऱ्यांदा मुलीचं पत्रक घेऊन तपासणीच्या खोलीत शिरल्या.

मुलगी तोटी हळूहळू उघडत मीटरचा काटा बघत होती.

"शाखाप्रमुखाची जागा निघालीय. बाहेरगावी. तुला..."

"तिथलं पाळणाघर आठला उघडतं, मॅडम." तिने काट्यावरची नजर काढली नाही. "फोन करून विचारलंय मी. मला कधी बोलावताय, याचीच वाट बघत होते."

बाईंनी पत्रक उलटं करून छातीशी धरलं.

"थांब," त्या म्हणाल्या. "कोरं आणते."