आधी कोणाला उठवायचं

फ्लॉपीच्या कडेवरची ती रुपेरी पट्टी, नखाएवढी, आतलं कुणी पुसू नये म्हणून खाचेवर चिकटवलेली... तिचं एक टोक सुटून वर आलं होतं, आणि प्रेमिला केव्हाची ते बोटाने दाबत बसली होती. दाबावं, की बसे. बोट काढावं, की पुन्हा उठे.

सदर भागातलं ऑफिस रिकामं होतं. सगळे जीप करून कुहीला गेलेले, तिच्या बरोबरीने काम करणाऱ्या श्रीधरच्या लग्नाला. ती तेवढी कॉम्प्युटरचं काम आहे म्हणून मागे राहिली.

काम मालकांनीच दिलं होतं, भैयाजींनी. परवा तिला यायला उशीर झाला, तर औषधांच्या खोक्यांतून वाट काढत त्यांनी स्वतःच मशीन चालू केलं. ती दारात दिसताच ओरडले, "प्रेमिलाबाई, हे मशीन मले 'वं' म्हणून राहिलं! 'चहा घेतला काय वं?' मले! बाई करून टाकलं ना यानं माह्यी!" सगळे पोट धरून हसले. श्रीधर नव्हता, हळदीसाठी गावी गेलेला. हसू ओसरल्यावर भैयाजी म्हणाले, "तो तर आता चालला मुंबईले. त्याचं ते युनिक्स कोण चालवते? सीधा तुमचा हिसाब उघडला पाहिजे. रोज रोज काहून विचारते ते? विचारणंच काढून टाका."

एकाच डिस्कवर दोघांचा संसार होता. संसारच, दुसरा शब्द तिला कधी सुचलाच नाही. अर्ध्यात तिचं डॉस आणि हिशेब, अर्ध्यात त्याचं युनिक्स आणि गोदामातल्या मालाच्या नोंदी; एका वेळी मशीन चालवायचं ते दोघांपैकी एकानेच. आणि दोघांच्याही आधी, डिस्कच्या अगदी उंबऱ्याशी, एक इवलासा लोडर. मशीन लावलं की तो आधी जागा होई आणि कोणाला उठवायचं ते ठरवी. डॉसचा स्वतःचा लोडर काही विचारत नाही. सरळ डॉस उठवतो. श्रीधरने लिहिलेला विचारी, एक की दोन, आणि कोणी बटन दाबेपर्यंत वाट बघत बसे. जागा केवढी, तर पोस्टकार्डावर मावतील एवढी अक्षरं. एकेक सूचना खुडून, तासून बसवायची. आणि त्या तासलेल्या जागेतून त्याने चहाच्या त्या एका ओळीपुरती जागा वाचवली. सकाळी कुलूप उघडून मशीन लावणारी ती एकटीच, म्हणून तिच्यासाठी. समोर तो 'मेश्राम मॅडम' म्हणे. पडद्यावर 'वं'.

घेतला रे, घेतला... किती सकाळी मी त्या काचेला सांगितलं, आणि मग एक दाबला.

त्याची आई, पार्वतीबाई, धरमपेठेत नातलगांकडे आल्या तेव्हा मुलाचं ऑफिस बघायलाही आल्या होत्या. प्रेमिलाने आलं ठेचून चहा केला. "गोड आहे वं पोरगी," म्हणत त्यांनी तिच्या गालाला हात लावला. "कोणाची वं तू? आडनाव काय तुयं?"

"मेश्राम. बौद्ध आहोत आम्ही."

"हो काय," म्हणाल्या. हात मागे गेला. कपावर साय धरली, तरी त्यांनी तो उचलला नाही. आणि श्रीधर तिथेच, हाताच्या अंतरावर, पडद्याकडे बघत बटनं बडवत होता... बडवतच राहिला. दुसऱ्या सकाळी पडद्यावर रोजचीच ओळ आली, आणि तिने वेडीने ती माफी समजून डोळे पुसले.

आता अंतरपाट धरला असेल. आता सुटला असेल.

तसं पुसायचं काहीच नव्हतं. हातातल्या फ्लॉपीवरून डॉसचा लोडर बसवला तरी श्रीधरचं अर्धं डिस्कवर जसंच्या तसं राहणार. फक्त त्याला कोणी उठवणार नाही. किंवा त्याचाच लोडर ठेवावा, ओळ तेवढी काढावी: प्रश्न राहील, हाक जाईल. किंवा भैयाजींना सांगावं, नाही जमत मला... तिने मशीन लावलं. ओळ आली, हिरवी, थरथरती. इतके दिवस तिला वाटे, एवढ्याशा जागेत त्याने आपल्याला सामावलं, केवढं हे! आणि आज, या रिकाम्या खोलीत, दुसरंच काही उमगू लागलं. जागा त्यानेच निवडली होती. ती ओळ कोणी यायच्या आत, एकटीने वाचायची, आणि बटन दाबताच विरून जायची. पार्वतीबाईंसमोर, त्या गार होत चाललेल्या कपासमोर जागा काही कमी नव्हती. एक शब्द मावला असता.

रडू यायला हवं होतं. आलं नाही. छातीत इतके दिवस मुकाट बसून असलेलं काहीतरी उठून उभं राहिलं, आणि कुठे जायचं ते त्याला ठाऊक नव्हतं.

पडदा वाट बघत होता. बघू दे, तिला वाटलं. आणि त्याला असं ताटकळत ठेवावंसं वाटलं, याचीच तिला भीती वाटली.