कुलूप लावलेली वाचनपेटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. गेल्या महिन्यापर्यंत मी नवी होते. एका महिन्यात कोणी म्हातारे होते का, हे तुम्हीच मला सांगा. माझे डोके पत्र्याचे, त्याला हे उमगत नाही.

माझा जन्म तीन वर्षांपूर्वी औरादच्या बाजारात झाला. निंगप्पा नावाच्या कारागिराने मला ठोकून आकार दिला आणि वर हिरवा रंग चढवला. पहिली-दुसरीच्या मुलांना लवकर वाचता यावे म्हणून सरकारने शाळांना अनुदान दिले होते, त्यातून माझी खरेदी झाली. टेम्पोत बसून मी खटकचिंचोळीजवळच्या एका लहान मराठी शाळेत आले. माझ्या पोटात दोनशे रंगीत कार्डे होती. कुठे बैल, कुठे विहीर, कुठे भाकरी, आणि प्रत्येक चित्राखाली ठळक अक्षरे. आता मुले आपल्याभोवती गोळा होणार, या विचाराने मी हरखून गेले.

शाळेत रेवणसिद्धप्पा गुरुजी एकटेच पाचही वर्ग सांभाळत. माणूस प्रेमळ, पण सरकारी कागदाला फार भिणारा. त्यांनी कार्डे मोजली, कुलूप लावले आणि किल्ली खिशात टाकली. मग शिवप्रसाद पेंटरच्या हातात एक चिठ्ठी दिली. त्याने ती बघून माझ्या दर्शनी बाजूवर पांढऱ्या रंगात काहीतरी लिहिले. काय लिहिले ते मला कळले नाही. वाचनपेटी असले तरी मला स्वतःला वाचता येत नाही. बहुधा माझी स्तुती असावी, असे मी धरून चालले.

पण घडले ते विचित्रच. मोठ्या वर्गातली मुले धावत येत, ती अक्षरे बघत आणि हात मागे घेऊन निघून जात. धाकट्यांनाही ओढून नेत. माझ्या रंगाला वास येतो की काय, अशी मला शंका आली. वर्षअखेरीस तपासणीला एक साहेब आले. माझ्यावरून बोट फिरवून म्हणाले, "पेटी छान ठेवलीत, गुरुजी." कोणाच्याही उपयोगी न पडता आपल्याला शाबासकी कशी मिळाली, याचा मी पुष्कळ दिवस विचार केला.

दुसरीत ज्योत्स्ना नावाची मुलगी होती. तिला एक शब्दही वाचता येत नव्हता. एके दिवशी तिचे वडील प्रेमानंद शेतातून थेट शाळेत आले.

"गुरुजी, दिवाळीपर्यंत पोरगी वाचाय लागली तर बरं," ते म्हणाले. "न्हाई तर भालकीला माझ्या बहिणीकडं ठेवतो, तिथल्या शाळेत घालतो."

आईला सोडून राहायचे, या कल्पनेनेच ज्योत्स्नाचे तोंड उतरले. अगं, सगळे माझ्या पोटात आहे, असे तिला ओरडून सांगावेसे वाटले. पण माझे तोंड कुलपामागे होते.

त्या दिवसापासून ती दुपारचे ताट घेऊन माझ्यासमोर बसू लागली. शाळेत भात-सांबार शिजवणाऱ्या लक्ष्मम्माला तिने विचारले, "अक्का, ते पयलं अक्षर कोणतं हाय?"

"कामून गं, जेवायचं सोडून?"

"मला भालकीला जायचं न्हाई."

लक्ष्मम्माने पळी खाली ठेवली. "स हाय तो. सापाचा स."

रोज एक अक्षर, असे चालू झाले. दोनशे कार्डे आत असताना ही पोर बाहेरचा रंग कशाला बघते, हे मला काही केल्या कळेना.

दिवाळीला चार दिवस राहिले असताना नेत्रावती मॅडम तपासणीला आल्या. त्यांनी ज्योत्स्नाला उभे केले. त्या वर्षीची मराठी पुस्तके अजून यायची होती, म्हणून त्या म्हणाल्या, "समोर दिसेल ते वाच, बाळ."

ज्योत्स्नाने माझ्याकडे बोट केले आणि एकेक अक्षर जुळवत वाचले, "सरकारी वाचनपेटी. हात लावू नये."

मित्रांनो, हे माझ्याच अंगावर लिहिलेले होते आणि मला ते त्या दिवशी समजले. पोरगी वाचत होती याचा आनंद झाला. काय वाचत होती याची लाज वाटली. दोन्ही एकदम झाल्याने मी गोंधळून गेले.

मॅडम गुरुजींकडे वळल्या. गुरुजींनी मान खाली घातली. "एक कार्ड फाटलं तरी मलाच जाब विचारतेत, मॅडम."

"फाटू द्या. मी लिहून देते तसं. किल्ली आणा."

कुलूप इतके गंजले होते की दगडाने तोडावे लागले. त्या संध्याकाळी प्रेमानंदांनी ज्योत्स्नाकडून बैलाचे कार्ड दोनदा वाचून घेतले, आणि भालकीचा विषय पुन्हा काढला नाही.

तेव्हापासून माझी कडी निखळली, रंग उडाला, आत सांबाराचे डाग पडले. बैलाला आता एकच शिंग उरले आहे. गेल्या महिन्यात दुसरे साहेब आले आणि नोंदवहीत माझ्या नावापुढे शेरा लिहून गेले, 'पेटी जुनी व नादुरुस्त.' तो वाचून हसावे की घाबरावे, हे गुरुजींनाही समजेना.

शेवटी 'माझी काळजी घ्या' असे सांगायची रीत आहे. मीही सांगणार होते. पण माझी काळजी घेतली जात होती, तेव्हा ज्योत्स्ना भालकीला जायची वेळ आली होती. म्हणून एवढेच सांगते, तुमच्यासाठी आलेली वस्तू कुलपात दिसली तर किल्ली मागा. फाटलेले कार्ड चिकटवता येते.

माझ्यावरची अक्षरे अजून कोणी पुसलेली नाहीत. यंदा रेणुका नावाची मुलगी पहिलीत आली. तिसरीतली ज्योत्स्ना तिला माझ्याजवळ बसवते आणि तिचे बोट धरून अक्षरांवरून फिरवते. काल रेणुकाने पहिल्यांदा सगळे एका दमात वाचले, "सरकारी वाचनपेटी. हात लावू नये." तेव्हा तिचा अख्खा पंजा माझ्यावर टेकलेला होता.