कॅलेंडरवरचा गवा

करवीर रानमित्र मंडळानं आपलं पहिलं कॅलेंडर काढायचं ठरवलं, तेव्हा त्यातली चित्रं कुणी काढायची यावरून मंडळाची दोन शकलं व्हायची वेळ आली. कोल्हापूर म्हणजे चित्रकारांचं गाव. दर गल्लीत एक तरी माणूस असा सापडायचा, की ज्यानं सिनेमाच्या बोर्डावर नाहीतर नाटकाच्या पडद्यावर कधी ना कधी ब्रश फिरवलेला असायचा. मंडळाचे अध्यक्ष आण्णा वकील यांचं म्हणणं सरळ होतं: गावातच बोर्ड रंगवणारा पेंटर बसलाय, मग बाहेर कशाला शोधायचं?

तात्या मास्तर मात्र अडून बसले. हायस्कुलात सारी हयात मुलांना चित्रकला शिकवलेला हा माणूस. एरवी इतका मवाळ, की पोरांनी फळ्यावरचा खडू पळवला तर हवेत बोटानं आकृती काढून तास पुरा करायचा. पण या बाबतीत त्यांनी हट्ट सोडला नाही. जिल्ह्यातल्या मुलांची स्पर्धा घ्यायची, बारा महिन्यांची बारा चित्रं मुलांचीच, आणि वर्षभर न उलटणाऱ्या वरच्या पानावर आपल्या दाजीपूरच्या रानातला गवा, तोही मुलाच्याच हातचा. ज्यांच्यासाठी रान राखायचं, त्यांनी ते आधी डोळे उघडून बघायला नको का, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

आण्णा शेवटी कबूल झाले, पण वकिली बेतानं. वरच्या पानावरचं चित्र बघून दाजीपूरचं रान सांभाळणाऱ्या रेंजरसाहेबांनी ‘हा गवा आहे’ असं म्हटलं पाहिजे. त्यांनी मान हलवली नाही, तर सगळं कॅलेंडर बोर्डवाल्या पेंटरकडे जाईल आणि मुलांची चित्रं मुलांना परत.

तात्यांनी भर सभेत होकार दिला. घरी येऊन टोपी खुंटीला अडकवताना त्यांच्या ध्यानात आलं, की गवा आपणही कधी पाहिलेला नाही.

चित्रं मात्र धो धो आली. शहरातल्या पोरांनी झाडं काढली, आणि प्रत्येक झाडाखाली एक पैलवान जोर मारत होता. झाड सुनं सुनं दिसत होतं म्हणून पैलवान घातला, असा खुलासा तात्यांच्याच वर्गातल्या बंडूनं केला. हुपरीहून आलेल्या चित्रात मोर फार सुरेख नाचत होता, पण त्याच्या पायांत भरगच्च पैंजण होते. हुपरीच्या घराघरांत पैंजण घडतात, तेव्हा मोर तरी मोकळ्या पायांचा कसा राहील? शाहूवाडीच्या भातखाचरात नांगर धरलेल्या माणसाहून बगळा उंच होता. गगनबावड्याच्या एका मुलीनं कागदभर नुसता राखाडी रंग दिला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘आमच्या गावचा आषाढ’. त्या चित्रावर तात्या आणि आण्णा यांचं पहिल्यांदाच एकमत झालं. जुलै महिना तिला मिळाला.

बारा महिने असे भरले. उरलं वरचं पान.

गवा काढण्याजोगा हात एकाच पोरीचा होता, सातवीतल्या पद्मजाचा. वाळक्या पानाची शीर न् शीर ती कागदावर उतरवायची. पण ती अवघड पोर होती. समोर वस्तू असल्याशिवाय तिची पेन्सिल हलायचीच नाही. एकदा तात्यांनी वर्गात ‘तुमचा आवडता सण’ काढायला सांगितलं, तर ही तास संपेपर्यंत कोऱ्या कागदाकडे बघत बसली, कारण त्या दिवशी कुठलाच सण नव्हता. खरं तर यात तिचा दोष नव्हता. ‘मनातलं काढू नका, डोळ्यांना दिसतं ते काढा,’ हे तात्यांनीच पोरांच्या कानीकपाळी ओरडून ठेवलं होतं.

आता गवा दाखवायचा कुठून? तात्यांना एका जुन्या मासिकात फोटो सापडला. पण त्यात शाई इतकी फुटली होती, की गवा कुठला आणि अंधार कुठला तेच कळेना. एवढंच समजलं, की जनावर काळं, अंगानं थोराड, आणि गुडघ्याखाली पाय पांढरे, जणू मोजे घातल्यासारखे. तात्यांनी रात्रभर विचार केला. बांधा तर म्हशीच्या जवळचा. आधी म्हैस नीट बघावी, मग तिच्यावरून गवा करावा. शिकवायची हीच रीत असते, जवळचं दाखवून लांबचं समजावायचं. आणि म्हशींना कोल्हापुरात काय तोटा?

पोरांची वरात कृष्णातच्या गोठ्यावर गेली. कृष्णात हा दूधकट्ट्यावरचा नावाजलेला गवळी. संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळतं दूध पेल्यात द्यायचं, ही तिथली पद्धत. त्यामुळे दूध पिणारे जेवढे कृष्णातला ओळखत, त्याहून जास्त त्याच्या सुंदरीला ओळखत. सुंदरीचं डावं शिंग खाली कानाकडे वळलेलं होतं आणि चाल पाटलिणीची.

कृष्णात वैरण आणायला गेला होता. तो येईतो पद्मजा बादली पालथी घालून बसली आणि तिनं कागद मांडीवर घेतला. थोड्या वेळानं ती म्हणाली, की पाय पांढरे दिसत नाहीत, मग पांढरे कसे काढू? तात्या समजावायला तोंड उघडणार, तोवर बंडूनं कोपऱ्यातला चुन्याचा डबा उचलला आणि सुंदरीच्या चारी पायांना गुडघ्यापर्यंत सफेदी देऊन टाकली. सुंदरी रवंथ करत उभी होती. तिला आयुष्यात पुष्कळ माणसं भेटली होती.

कृष्णात आला तो दारातच थिजला. डोक्यावरचा भारा तसाच धरून तो तात्यांचं सगळं ऐकत राहिला. मग म्हणाला, “मास्तर, तुमी शिकलेली मानसं. पर माज्या म्हशीला रानटी कराय ती काय वाऱ्यावर पडलीया व्हय? तिला घर हाय, दार हाय.”

तात्यांनी हात जोडले. ही मानहानी नव्हे, उलट हे चित्र जिल्ह्यातल्या घराघरात वर्षभर भिंतीवर लागणार आहे, असं त्यांनी सांगितलं. कृष्णातनं भारा खाली ठेवला. भिंतीवर म्हणजे देवाच्या फोटोशेजारी का, असं त्यानं विचारलं. तसंही असेल, असं तात्या म्हणाले. मग त्यानं पोरांना एकेक पेला दूध पाजलं आणि सुंदरीचा चुना पुसू नका म्हणून गल्लीला ताकीद दिली.

पद्मजानं मन लावून चित्र पुरं केलं. तात्यांनी ते भिंतीला टेकवून लांबून पाहिलं. कातडीची लकाकी, ओल्या नाकपुड्या, पांढरे पाय, मागं तात्यांनी सांगितलेलं दाट रान. जनावर कागदातून बाहेर येईल असं वाटत होतं. तात्या इतके हरखले, की काय बघायचं राहिलं हे बघायचंच राहिलं.

शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरलं. रेंजरसाहेब गगनबावड्याच्या आषाढापुढं बराच वेळ थांबले, मोराच्या पैंजणांना हसले, आणि वरच्या पानाच्या चित्रासमोर येऊन उभे राहिले. आण्णा त्यांच्या एका अंगाला, तात्या दुसऱ्या. साहेबांनी हनुवटी खाजवली. बोलायला तोंड उघडलं.

एवढ्यात दारातून कृष्णात शिरला. अंगात धुतलेली पैरण, डोक्याला नवा फेटा, आणि पाठीमागं अख्खा दूधकट्टा. गेले कित्येक दिवस तो धारेबरोबर ही बातमीही गिऱ्हाइकांना पाजत होता. गर्दी चित्रापुढं आली आणि एकच गलका झाला. कुणी डावं शिंग ओळखलं, कुणी कानाचा फाटका कोपरा. एका म्हाताऱ्या पैलवानानं पुढं वाकून निरखलं आणि कास तटतटलीया, धारेची वेळ झालीया, असा निकाल दिला.

“साहेब, हीच ती,” कृष्णात रेंजरसाहेबांना म्हणाला. “सांजचं दोन शेर देतीया.”

तात्यांनी चित्राकडे पाहिलं. कास होती. दिसत होती तशी, शेवटच्या शिरेपर्यंत काढलेली. पद्मजानं काहीच सोडलं नव्हतं. गळ्यावर दाव्याचा घट्टासुद्धा होता.

रेंजरसाहेबांनी खिशातून रुमाल काढून डोळे पुसले आणि म्हैस उत्तम असल्याचं मोकळ्या मनानं मान्य केलं. आण्णा बोर्डवाल्या पेंटरला हाक मारायला माणूस पाठवू लागले. हॉलच्या भिंतींवर मुलांची बारा चित्रं टांगलेली होती. पोरं खालून एकदा आण्णांकडे, एकदा तात्यांकडे बघत होती. हुपरीच्या पोरानं तर आपला मोर खिळ्यावरून काढून छातीशी धरला.

तात्यांना राहवलं नाही. चूक माझी आहे, पोरीची नाही, असं ते म्हणाले. तिला म्हैस दाखवली, तिनं म्हैस काढली. गवा दाखवा, गवा काढेल. रेंजरसाहेबांनी थोडा विचार केला. रविवारी पहाटे त्यांचा ट्रक दाजीपूरला परत जायचा होता. पोरांना त्यात घाला, गव्याचं मात्र मी काही सांगू शकत नाही, तो माझ्या हाताखाली नाही, असं ते म्हणाले. सोमवारी सकाळी छापखान्यात कागद जाणार होता. आण्णांनी तेवढी मुदत दिली.

रविवारी राधानगरीच्या पुढं घाटात तीन पोरांना ट्रक लागून ओकाऱ्या झाल्या. दाजीपुरात उतरल्यावर बंडूच्या पोटरीला जळू चिकटली. ती निघेपर्यंत त्यानं एवढा आरडाओरडा केला, की आता दोन दिवस इकडं मुंगीही फिरकायची नाही, असं रेंजरसाहेब पुटपुटले. तरीही त्यांनी सगळ्यांना एका पाणवठ्याच्या वरच्या अंगाला झुडपाआड बसवलं आणि तोंडावर बोट ठेवलं. उन्हं वर आली. पोरं कंटाळली. बंडू श्वास धरून लाल झाला होता.

मग करवीच्या झुडपांच्या जाळीत काहीतरी हललं. आधी वाटलं, खडकच उठला. एक प्रचंड काळं जनावर जाळीतून उलटं उलटं सरकत मोकळ्यावर आलं आणि तसंच उभं राहून पाला ओरबाडू लागलं. पाय खरंच पांढरे होते. बाकी दिसत होतं ते सगळं पाठीमागचं. डोंगराएवढे पुठ्ठे, मध्ये शेपूट, आणि वर दोन्ही बाजूंनी शिंगांची टोकं. तोंड जाळीत.

“सर,” बंडू तात्यांच्या कानात म्हणाला, “जरा वळायला सांगा की त्याला.”

तात्या श्वास सोडायलाही धजत नव्हते. त्यांच्या शेजारी पद्मजाची पेन्सिल चालू झाली होती. गवा पोटभर पाला खाऊन, मागं एकदाही न बघता, जाळी मोडत आत निघून गेला. संध्याकाळपर्यंत थांबूनही तो पुन्हा आला नाही.

परतीच्या ट्रकमध्ये तात्यांनी चित्र मांडीवर घेतलं. कागदभर गव्याची पाठ होती. असं जिवंत चित्र त्यांच्या हातून कधी उतरलं नव्हतं, आणि असं चित्र आण्णा भिंतीवर लावू देणार नाहीत हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. पेन्सिल त्यांच्या खिशात होती. मान थोडी वळवली, एक डोळा दाखवला, कपाळ घातलं, की काम भागलं असतं. मासिकातला फोटो होताच. बारा पोरांचे बारा महिने वाचले असते. त्यांनी पेन्सिल काढली, टोक बघितलं. पद्मजा समोरच्या गोणीवर पाय पोटाशी घेऊन झोपली होती, बोटं काळीकुट्ट. तात्यांनी पेन्सिल परत खिशात टाकली आणि चित्राची सुरळी करून ट्रकच्या धक्क्यांपासून जपत ते कोल्हापूरपर्यंत बसले. पोरीनं रात्रीतच घरी बसून त्यात रंग भरला.

सोमवारी सकाळी मंडळाच्या बैठकीत त्यांनी ती सुरळी उलगडली. पद्मजाला त्यांनी बरोबर आणलं होतं, आणि पोरांना सोडायला आलेले रेंजरसाहेबही निकाल द्यायला थांबले होते. आण्णांनी आधी कागद उलटा धरलाय का ते तपासलं. मग योग्य शब्द शोधायला त्यांना बराच वेळ लागला. लोकांच्या घरात देवघर असतं, सोवळं असतं, सकाळी उठल्या उठल्या नजर भिंतीवर जाते, आणि तिथं ही बाजू टांगायची का, असं त्यांनी शेवटी विचारलं. मग ते पद्मजाकडे वळले.

“तोंड का नाही काढलंस, बाळ?”

“त्यानं दाखवलंच न्हाई,” पद्मजा म्हणाली. “मी लई वेळ वाट बघितली.”

रेंजरसाहेब उठून चित्राजवळ गेले. या वेळी त्यांनी हनुवटी खाजवली नाही. ते जरा मागं सरकले, जसं रानात सरकतात तसे.

“हा गवा आहे,” ते म्हणाले. “आण्णासाहेब, इतकी वर्षं नोकरी केली, मला तो बहुतेक वेळा असाच भेटलाय. समोरून बघितलेले लोक सांगायला फारसे उरत नाहीत.”

आण्णांनी बाकीच्या सभासदांकडे पाहिलं. सगळे छताकडे बघत होते. वकील झाला तरी माणूस शब्दाचा पक्का होता. त्यांनी चित्र छापखान्याच्या माणसाच्या हातात दिलं आणि निदान कागदाला समास भरपूर सोड, असं बजावलं.

कॅलेंडर निघालं. आण्णांनी ते आपल्या कचेरीत पक्षकारांच्या बाकासमोर लावलं. तिथं येणारी भांडखोर माणसंसुद्धा आत शिरली की आपोआप हळू आवाजात बोलू लागली. एक दिवस तात्या सहज डोकावले, तर आण्णा चष्मा कपाळावर चढवून चित्राकडे बघत बसले होते.

“मास्तर,” त्यांनी विचारलं, “तो खरंच वळला असता तर?”

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “तर मीच पहिला पळालो असतो, आण्णा. आणि पद्मजानं माझी पाठ काढली असती.”