बोटीवरचे मुसाफिर
आठ वाजता दुकानाचं शटर ओढून घरी पोचलो, तर बायकोने, गंगासागरने, व्हिडिओ कॉलसाठी मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून तयारच ठेवलेला. आमची रुद्राणी आज इस्तंबूलहून आम्हाला बोटीतून फिरवणार होती. ती, जावई संगमेश आणि सहा वर्षांची ईश्वरी तिकडे बोटीवर. आम्ही दोघं इकडे घाटनांदुरात सतरंजीवर.

"आज 'परत कवा येता' इचारायचं न्हाई," बायकोने बजावलं. "पोरीची संध्याकाळ नासू नका."

तीन वर्षांसाठी म्हणून गेलेली पोर, पाचवं वर्ष लागलं. तरी विचारायचं नाही! मी मूग गिळून बसलो.

तिकडे नुकताच सूर्य बुडत होता. पूल दिसला, किनाऱ्यावरचे दिवे दिसले. मग मसुराचं सूप आलं.

"हे तर आपलं वरणच," गंगासागर म्हणाली. "फोडणी कावून न्हाई घातली?"

संगमेश हसला. त्या लोकांचे शब्दही ओळखीचे निघाले. दुकान, हवा, साबण. निजामाच्या मुलखात उर्दू ऐकत वाढलेल्या माणसाला तिकडे कसली अडचण, असं मी ऐटीत म्हणालो.

मग एक म्हातारा लांब दांडीचं तारांचं वाद्य घेऊन त्यांच्याकडचं जुनं गाणं म्हणू लागला. अर्थ कळत नव्हता, पण मी म्हाताऱ्याला सोडून रुद्राणीकडेच बघायला लागलो. मला माझी पोर घरात हवी होती, डब्याला टेकवलेली नाही.

गाणं संपल्यावर म्हाताऱ्याने आमच्याकडे बोट दाखवून ईश्वरीला काहीतरी विचारलं. ती त्याच्याच भाषेत फाडफाड बोलली. त्यातला एक शब्द मी बरोबर पकडला. मिसाफिर.

"ऐकलंस का?" मी बायकोवर ओरडलोच. "मुसाफिर! पोरगी सांगायलीय, आमी हितं मुसाफिर हाव म्हणून. मुसाफिर शेवटी घरीच येतो! रुद्राणी, सांग, कवा येता?"

संगमेशने नजर दुसरीकडे वळवली.

"अप्पा, इकडं मिसाफिर म्हंजी पाव्हणा," रुद्राणी म्हणाली. "त्यांनी इचारलं, भारतात तुमचं घर हाय का. तर ही म्हणली, न्हाई, तिथं आमी पाव्हणे असतो."

मला राग काढायला कुणी सापडेना. त्या लेकराचं काय चुकलं? ती आली की आम्हीच नवं ताट काढतो, तिच्या आईला कामाला हात लावू देत नाही, आणि पंधराव्या दिवशी नवे कपडे देऊन स्टेशनवर सोडून येतो. तिने दुसरं काय म्हणावं?

गंगासागरने मोबाइल उचलून तोंडाजवळ धरला.

"पाव्हणे तर पाव्हणे," ती म्हणाली. "या. आमच्यात पाव्हण्याला कुणी 'जा' म्हणत न्हाई, बाई."

चेहरा दिसू नये म्हणून रुद्राणीने कॅमेरा पाण्याकडे वळवला. आम्ही बराच वेळ नुसतं पाणीच बघत बसलो.