सत्तावीस ग्रॅम

टेल्मो हे लिहिणारच नव्हता. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. लिहिलं की खरं होतं, आणि खरं एवढंच की दुसरी पुडी त्याची होती.

ओल्याँव गावच्या मिठागरांमागे पालथ्या होडीला टेकून तो आणि त्याचा मित्र आदेरितू बसले होते. टेल्मोकडे बारा ग्रॅम गांजा, आदेरितूकडे पंधरा. प्रत्येकी पंचवीसच्या आत असेल तर कोर्ट नाही. फारू शहरात तिघांच्या समितीसमोर बसायचं, किती ओढतोस, घरी कोण, असं विचारतात, पहिल्या वेळी समज देऊन सोडतात. टेल्मो वसंतात जाऊन आला होता. पुन्हा सापडलास तर दंड, आणि पत्र घरी, असं तिथल्या बाईंनी बजावलं होतं. घरी म्हणजे बाबांच्या हातात.

बांधावर पोलिसांच्या जीपची धूळ दिसली. आदेरितूचं जाकीट होडीवर टाकलेलं होतं. टेल्मोने आपली पुडी त्याच्या खिशात सरकवली. आदेरितूची पहिलीच वेळ, समजच देतील, असं टेल्मोला वाटलं. बेरीज सुचलीच नाही.

पोलिसांनी आदेरितूकडे सापडलेल्या दोन्ही पुड्या एकत्र तोलल्या. सत्तावीस. आता समिती नाही, कोर्ट. टेल्मोकडे काहीच निघालं नाही म्हणून त्याला सोडलं. त्याच्या पुडीला नेहमीचं निळं रबर होतं. आदेरितू त्या रबराकडे बघत राहिला आणि म्हणाला, दोन्ही माझ्याच.

आदेरितू शाळेची बस चालवायचा. दुसऱ्याच दिवशी त्याला बसवरून उतरवलं. निकाल विरोधात लागला तर कायमचं.

टेल्मो नऊ दिवस त्याच्या गल्लीतून गेला नाही. आदेरितूची आई बाजारात दिसली तर तो मासळीच्या टोपल्यांमागून वळायचा. दहाव्या दिवशी गेला. आदेरितू दारात बसून शिंपल्या निवडत होता.

"बस गाढवा. बेरीज तुला शाळेतही यायची नाही."

टेल्मो उभाच राहिला. "तू बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो," आदेरितू मान खाली घालूनच म्हणाला. एक फुटकी शिंपली बाजूला टाकली. "अजून थांबलोय."

आतून त्याच्या आईने विचारलं, टेल्मो आलाय का, जेवून जाईल का. टेल्मोला मान वर करवेना.

"गुरुवारी कोर्टात येतो," तो म्हणाला. "लिहून आणतो, आणि वाचूनही दाखवतो. बाबा समोर बसलेले असले तरी."