सोनखत म्हणे!

मी एक जुनी टाकी आहे, आणि तीही मैल्याची. मित्रांनो, नाक मुरडलेत ना? मुरडा, मला सवय आहे. पण माझ्यावर जो आळ आला, तो ऐकल्याशिवाय जाऊ नका.

एका कारखान्यात जाड काळ्या प्लास्टिकपासून मला घडवले. शेजारीच पिण्याच्या पाण्याची टाकी तयार होत होती. तिला सगळे हळुवार उचलत, मला मात्र पायाने सरकवत. पुढे आम्ही दोघी एकाच कॅम्परमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात बसलो. ती ओट्याखाली, मी संडासाखाली. घर त्रिकोणी कुटुंबाचे होते: बाबा, आई आणि त्यांची चिमुरडी.

प्रवासाची वर्षे मजेत गेली. मुक्कामाच्या तळावर मैला ओतायची पक्की जागा असे. बाबा हातमोजे घालून जाड नळी जोडत, मला रिकामी करून धूत आणि दुर्गंधी घालवणारे निळे औषध आत घालत. "गुणाची आहे हो आपली टाकी," असे आई एकदा म्हणाली होती. त्या एका वाक्यावर मी कितीतरी खड्डे सोसले.

मग बाबांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आत्याने, कॅम्पर कायमचा उभा करायला आपल्या शेतातला उंचवटा दिला. चाकांखाली दगड लागले. उताराच्या पायथ्याशी आत्याची विहीर होती आणि सगळे तिचेच पाणी पीत. मी भरत आले, माझा लाल दिवा लागला.

"अहो, टाकीचं काय करायचं?" आईने विचारले. "मैला उपसणारी गाडी बोलवा ना."

"ती दारात उभी राहिली की गावभर बोभाटा. ताईला काय वाटेल?"

"मग सेप्टिक टँक बांधून घ्या. नाहीतर भुसा टाकायचा सुका संडास करू. तेही नको तर कॅम्पर न्या तळावर."

"आता कुठे दगड काढत बसू? जुनी माणसं शेतात सोनखत घालायचीच की."

सोनखत म्हणे! मित्रांनो, मैला महिनोन्‌महिने मातीखाली कुजतो, मुरतो, तेव्हा कुठे त्याला ते नाव मिळते. माझ्या पोटात होता ताजा मैला आणि त्यात निळे औषध. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! पण बाबांनी नळी शेजारच्या झाडाखाली सोडली आणि माझा व्हॉल्व्ह उघडला. पुन्हा दिवा लागला, पुन्हा उघडला. मला वाचा असती तर मी आकांत केला असता.

उताराने आपले काम केले. चिमुरडीला जुलाब लागले, ताप चढला, दवाखान्यात सलाईन लावावे लागले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, पाणी कुठले पिता? आत्याने विहिरीचे पाणी हुंगून पाहिले आणि ओतून दिले.

"टाकी जुनी झालीय, गळत असणार," बाबा म्हणाले.

चोर सोडून संन्याशाला फाशी! आईसुद्धा माझ्याकडे तिरस्काराने पाहू लागली. इतका राग मला जन्मात आला नव्हता.

"गळते? मग काढ बाहेर आणि भर तिच्यात पाणी. बघूच," आत्या म्हणाली.

मला अंगणात ठेवून गळ्यापर्यंत पाणी भरले. ऊन कलले तरी माझ्याखालची फरशी कोरडी ठणठणीत होती.

"ही तर गळत नाही रे. मग विहिरीत आलं कुठून?"

बाबांनी मान खाली घातली. "ताई, मी झाडाखाली सोडत होतो. सोनखत म्हणून."

आत्या उठली, विहिरीचे पाणी तांब्यात घेऊन आली आणि भावापुढे धरले. "सोनखत ना? मग पी."

बाबांचा हात पुढे झाला नाही.

"पोरीला मी माझ्या हातानं पाजलं रे हे," ती म्हणाली, आणि तांब्या तसाच हातात धरून पायरीवर बसली.

पोर वाचली. आता उपसणारी गाडी दारात येते, सगळे गाव बघते, आणि बोभाटा वगैरे काही होत नाही. विहीर मात्र अजून बंद आहे. आत्या या वयात लांबून हंडे भरून आणते. बाबाही आणतात, पण ती त्यांच्याशी बोलत नाही.

मित्रांनो, घाण पोटात ठेवणे हे माझे काम, ते मी इमानाने केले. माझे तोंड कुठे उघडायचे, ते तुम्ही ठरवता. उघडण्याआधी एकदा उताराखाली बघा, तिथे कोण पाणी पिते ते.